थेंबे थेंबे तळे आटे : उभ्या गाडीची बॅटरी कोण रिकामी करते?

रविवारची पहाट. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात अजून सामसूम आहे. आठ दिवस एका जागी उभी असलेली गाडी आज तातडीने बाहेर काढायची आहे, कारण घरातील आजोबांना मध्यरात्रीपासून अस्वस्थ वाटते आहे आणि रुग्णालय पाच किलोमीटरवर आहे. किल्ली फिरविली जाते. डॅशबोर्डवरील दिवे क्षीणपणे लुकलुकतात, बॉनेटखालून ‘टक् टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि पुन्हा सारे शांत होते. शेजाऱ्यांना उठविले जाते, त्यांची गाडी मिळते आणि वेळ निभावते. दुपारी मेकॅनिक येतो, ‘बॅटरी बसली’ असा निर्वाळा देतो आणि नवी बॅटरी बसवून जातो. घरची मंडळी निश्चिंत होतात. पुढे गणपतीसाठी सारे कुटुंब आगगाडीने गावी जाते. आठवड्याने परतल्यावर किल्ली फिरवावी, तर तोच ‘टक् टक्’ आवाज! या वेळी तर बॅटरी कोरी करकरीत असते.

कमीअधिक फरकाने हा अनुभव असंख्य गाडीमालकांना येत असतो. पहिल्या वेळी दोष बॅटरीवर ढकलला जातो, दुसऱ्या वेळी बॅटरी विकणाऱ्यावर आणि तिसऱ्या वेळी नशिबावर. वस्तुतः गाडी बंद असतानाही तिच्यातील एखादे उपकरण गुपचूप वीज घेत असते, आणि ते शोधून काढल्याखेरीज कितीही बॅटऱ्या बदलल्या तरी उपयोग होत नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण प्रत्येक बचत खातेदाराला पाठ असते. तळे थेंबाथेंबाने आटतेही, ही तिची दुसरी बाजू मात्र सहसा ध्यानात येत नाही.

विजेचे चालू खाते

मोटारीची बॅटरी म्हणजे विजेचे चालू खातेच होय. इंजिन चालू असताना आल्टर्नेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही ‘डायनॅमो’ म्हणतात, या खात्यात वीज जमा करतो. गाडी सुरू करताना सेल्फ एकदम मोठी रक्कम उचलतो. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या रासायनिक क्रियेवर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी ही बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली. मोटार सुरू करण्यासाठी मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षे हाताने हँडलच मारावे लागे, आणि उलटा झटका बसून अनेकांची मनगटे मोडत. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि तेव्हापासून बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग झाला.

आपल्याकडील लहान मोटारींत साधारणपणे १२ व्होल्टची आणि ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. ढोबळमानाने याचा अर्थ असा की, १ अँपिअर वीज घेणारे उपकरण तिच्यावर ३५ तास चालू शकेल. अशा बॅटरीत सहा सेल असतात. ती पूर्ण भरलेली असून काही तास विश्रांती घेतलेली असेल तर तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. १२.४ व्होल्ट म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम पाव. हा आकडा ११.९ च्या खाली उतरला की खाते जवळजवळ रिकामे झाले असे समजावे. पासबुकातील शिल्लक जशी एका दृष्टिक्षेपात कळते, तशीच ही शिल्लक काही शे रुपयांत मिळणाऱ्या मल्टीमीटरवर कळते.

येथे एक आश्चर्यकारक हिशेब मांडता येतो. सेल्फ साधारण १५० अँपिअर वीज घेतो असे धरले तरी तो दोनच सेकंद चालतो. त्यामुळे एकदा गाडी सुरू करण्याचा खर्च एक दशांश अँपिअर-तासाहूनही कमी येतो. याउलट डिकीतील ५ वॉटचा इवलासा दिवा केवळ ०.४२ अँपिअर वीज घेतो. पण तो बारा तास जळत राहिला तर ५ अँपिअर-तास फस्त करतो. तेवढ्या विजेत ही गाडी साठ वेळा सुरू झाली असती! मोठा खर्च डोळ्यांत भरतो, म्हणून त्यावर लक्ष राहते. लहान पण अखंड चालणारा खर्च डोळ्यांआड राहतो आणि तोच खाते रिकामे करतो.

झोपेतही जागी असणारी गाडी

जुन्या काळच्या अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाड्यांत किल्ली काढल्यावर वीज घेणारे जवळजवळ काहीच उरत नसे. आजची गाडी बंद असली तरी पूर्णपणे झोपत नाही. घड्याळ चालू असते, इंजिनाचा संगणक आपली स्मृती जपत असतो, रिमोट किल्लीचा संदेश ऐकणारा ग्राहक जागा असतो आणि चोरीची सूचना देणारा अलार्म पहारा करीत असतो. या सर्वांचा मिळून खर्च साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असतो, आणि तो वाजवी मानला जातो. खात्यावरील किरकोळ सेवाशुल्कासारखा तो गृहीत धरावा लागतो.

मात्र या वाजवी खर्चाचाही हिशेब ठेवलेला बरा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. या दराने ३५ अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण दोन आठवड्यांत निम्मी होते. तेव्हा महिनाभर उभी असलेली निर्दोष गाडी सुरू झाली नाही तर त्यात कोणाचाच अपराध नसतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या मालकांनी हा धडा एकाच वेळी गिरविला.

खरा दोष तेव्हा समजावा, जेव्हा चांगली बॅटरी दोन-चार दिवसांतच मान टाकते. डिकीतील दिवा आणि नेहमीचा खर्च मिळून ४५० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला जवळजवळ ११ अँपिअर-तास खर्च होतात आणि दीड दिवसात बॅटरी निम्मी होते. गाडी रोज कामावर जात असेल तर रात्रीचा हा तोटा बराचसा दिवसाच्या प्रवासात भरून निघतो आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. सुट्टी, आजारपण किंवा परगावचा मुक्काम आला की मग तो उघडा पडतो, म्हणजे नेमका तेव्हाच जेव्हा गाडीची निकड असण्याचा संभव अधिक.

आधी तीन प्रश्न

खात्यात शिल्लक नसण्याची कारणे तीनच असू शकतात. एक तर जमा होत नसेल, किंवा तिजोरीलाच भोक पडले असेल, किंवा कोणी परस्पर पैसे काढत असेल. बॅटरीच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न जमेचा. इंजिन चालू करून बॅटरीच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावावा. दाब साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट भरला तर आल्टर्नेटर आपले काम करीत आहे असे समजावे. तो १२.६ च्या आसपासच अडकला असेल तर जमाच होत नाही. आल्टर्नेटरचा पट्टा सैल झालेला असतो, आल्टर्नेटर बिघडलेला असतो, किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी वीज अडवीत असते. टर्मिनल स्वच्छ करून घट्ट बसविल्याने अनेक गाड्यांचे दुखणे तेथेच संपते.

दुसरा प्रश्न तिजोरीचा. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, काही तासांनी तिचा दाब मोजून कागदावर लिहून ठेवावा आणि रात्रभर तिची निगेटिव्ह तार सोडवून ठेवावी. आता गाडी आणि बॅटरी यांचा संबंध तुटलेला आहे. सकाळी पुन्हा दाब मोजावा. तो लक्षणीय उतरला असेल तर दोष खुद्द बॅटरीत आहे. एखादा सेल निकामी झालेला असतो किंवा तिचे आयुष्य संपत आलेले असते. दाब कायम राहिला तरी दुकानातून तिची भार-चाचणी करून घेणे चांगले. उष्ण हवामानात बॅटरीचे आयुष्य लवकर सरते, ही गोष्ट नागपूर, सोलापूर किंवा हैदराबाद येथील वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

तार सोडविलेली असताना बॅटरी शाबूत राहते आणि जोडलेली असताना उतरते, असे आढळले की तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. गाडीतील कोणीतरी परस्पर वीज काढते आहे. येथवर फक्त दाब मोजावा लागला. एकही फ्यूज काढावा लागला नाही, आणि नव्या बॅटरीचा अनाठायी खर्चही टळला.

ताळा जुळविण्याची रीत

बँकेतील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना संगणकापूर्वीचे दिवस आठवत असतील. खतावण्या हाताने लिहिल्या जात आणि ‘बॅलन्सिंग’च्या वेळी काही पैशांचा फरक निघाला तरी शाखेतील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहत. फरक शोधणारा अनुभवी कारकून सगळी पाने एकदम चाळत बसत नसे. तो एकेक खतावणी वेगळी काढून तपासे आणि फरक कोणत्या खतावणीत आहे ते आधी ठरवी. मग त्या खतावणीतील पान, आणि त्या पानावरील नोंद. गाडीतील वीजचोर शोधण्याची रीत तंतोतंत हीच आहे. गाडीचा फ्यूज बॉक्स म्हणजे खतावण्यांचे कपाट आणि प्रत्येक फ्यूज म्हणजे एकेक खतावणी.

पूर्वतयारी महत्त्वाची. सर्व दिवे, पंखा व रेडिओ बंद करावेत आणि चार्जरच्या जागेतून सर्व वायरी काढाव्यात. फ्यूज बॉक्स बहुधा दोन असतात, एक बॉनेटखाली आणि दुसरा डॅशबोर्डखाली. चाचणी चालू असताना दार उघडले की गाडी जागी होते, म्हणून दार आधीच उघडे ठेवून त्याच्या कडेचा खटका स्क्रू ड्रायव्हरने बंद करावा. गाडीला दार लागले असे वाटते. काही गाड्यांत त्यासाठी दाराच्या चौकटीतील बटण दाबून ठेवावे लागते. काम झाल्यावर हँडल ओढून खटका पूर्ववत करूनच दार लावावे, अन्यथा तो तुटेल. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर तिची किल्ली घरात दूर ठेवावी.

त्यानंतर मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात लावून तो विद्युतप्रवाह मोजण्यावर ठेवावा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मीटरचे एक टोक त्या तारेला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला जोडावे. आता गाडीत जाणारा विजेचा प्रत्येक थेंब मीटरमधून जातो. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, कारण सेल्फचा प्रचंड प्रवाह मीटरचा फ्यूज क्षणात जाळील.

सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, पण त्याने घाबरून जाऊ नये. तार पुन्हा जोडली जाताच गाडीतील संगणक जागे होतात आणि त्यांना झोपी जायला वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. बहुतेक चुका या ठिकाणी होतात. पाचच मिनिटांत निष्कर्ष काढणारा मनुष्य निर्दोष उपकरणावर आळ घेतो. तेव्हा शांतपणे चहा घ्यावा आणि आकडा स्थिर झाल्यावर तो लिहून ठेवावा. तो ५० च्या आत असेल तर काळजीचे कारण नाही. ४५० असेल तर शोध सुरू करावा.

आता एकेक फ्यूज काढून आकडा पाहावा. फरक पडला नाही तर तो फ्यूज त्याच जागी परत बसवून पुढे जावे. कोणता फ्यूज कोठला हे झाकणाच्या आतील बाजूस आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. एखादा फ्यूज काढताच ४५० चा आकडा झटकन ३० वर आला, की खतावणी सापडली. समजा, त्या फ्यूजवर छताचा दिवा, डिकीचा दिवा आणि रेडिओ अशी तीन उपकरणे आहेत. तो पुन्हा बसवून, आकडा स्थिर होऊ देऊन, तिन्ही उपकरणे एकेक करून सोडवीत जावे. डिकीतला बल्ब काढल्यावर आकडा उतरला, की नोंदही सापडली.

अलीकडच्या गाड्यांत फ्यूज काढला-घातला की झोपलेले संगणक पुन्हा जागे होतात आणि हिशेब बिघडतो. अशा वेळी कसबी ऑटो इलेक्ट्रिशियन फ्यूज काढतच नाहीत. फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. त्यांवर मीटरची टोके टेकवून ते मिलिव्होल्टमध्ये दाब मोजतात. आकडा शून्य आला तर त्या फ्यूजमधून वीज वाहत नाही, आणि काही आकडा दिसला तर वाहते आहे. खतावणी कपाटातून न हलविता तपासण्याचाच हा प्रकार.

चोर सापडतो तो कोठे?

डिकीतील आणि समोरच्या कप्प्यातील दिवे हे नेहमीचे संशयित. झाकण बंद झाल्यावर दिवा विझविणारे बटण वाकले किंवा सरकले की दिवा आत जळत राहतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. याचा तपास अगदी सोपा आहे. मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवावा, डिकी लावून मिनिटभराने उघडावी आणि चित्रफीत पाहावी. शंका दूर करण्यास दुसऱ्या कोणत्याही साधनाची गरज लागत नाही.

त्या खालोखाल क्रम लागतो तो मागाहून बसवून घेतलेल्या उपकरणांचा. वेगळा म्युझिक सिस्टिम आणि त्याचा अँप्लिफायर, बाजारातून बसविलेले सेंट्रल लॉकिंग, अलार्म, जीपीएस ट्रॅकर, पुढचे दृश्य टिपणारा डॅश कॅमेरा ही यादी दरवर्षी वाढतेच आहे. किल्ली बंद होताच ज्यांचा पुरवठा थांबला पाहिजे, अशी उपकरणे घाईघाईत कायम वीज असलेल्या तारेवर जोडली जातात आणि रात्रंदिवस चालू राहतात. म्हणून असा तपास करण्यापूर्वी मालकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा त्रास सुरू होण्याच्या सुमारास गाडीत नवे काय बसविले होते? कित्येकदा उत्तर तेथेच मिळते.

फास्टॅगविषयी अधूनमधून शंका विचारली जाते. काचेवर चिकटविलेल्या या पट्टीला स्वतःची बॅटरी नसते आणि ती गाडीच्या बॅटरीतूनही वीज घेत नाही. टोल नाक्यावरील यंत्राच्या रेडिओ लहरींवरच तिचे काम चालते. फास्टॅगच्या खात्यातील शिल्लक मात्र वेगळी तपासावी लागते, आणि ती संपली तर त्याचा दोष बॅटरीला देता येणार नाही!

चिकटून बसलेला रिले हा आणखी एक गुपचूप वीज घेणारा घटक. रिले म्हणजे विजेचा छोटा दरवाजा. तो उघडाच राहिला तर किल्ली काढल्यावरही पुढचे उपकरण चालू राहते. बराच वेळ बंद असलेल्या गाडीतील एखादा रिले हाताला कोमट लागला तर त्याच्यावर संशय घ्यावा. पावसाळ्यात तारांच्या जोडांत पाणी शिरते, जोड गंजतात आणि वीज वाट चुकते. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या दमट हवेत हे विशेष घडते. उंदरांचा उपद्रव तर सार्वत्रिक आहे. बॉनेटखालच्या उबेत येऊन ते तारांवरील आवरण कुरतडतात.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरत नाही, असेही क्वचित घडते. अशा वेळी नजर आल्टर्नेटरकडे वळवावी. वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड त्याच्या आत असतात. त्यातील एखादा बिघडला की जमा करणाराच रात्री परस्पर रक्कम काढू लागतो. आल्टर्नेटरची जाड तार बहुधा नेहमीच्या फ्यूजच्या रांगेतून जात नाही, म्हणून हा चोर लवकर सापडत नाही. ही तपासणी आणि दुरुस्ती जाणकार इलेक्ट्रिशियनवरच सोपविणे शहाणपणाचे.

सावधगिरीचे चार शब्द

बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो आणि तिच्यात आम्ल असते. म्हणून जवळपास ठिणगी वा सिगारेट नको, आणि काम करताना हातातील अंगठी, बांगडी व धातूचे घड्याळ काढून ठेवावे. तार सोडविताना आधी निगेटिव्ह सोडवावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. प्रवाह मोजून झाल्यावर मीटरची लाल वायर आठवणीने मूळ छिद्रात परत लावावी. ती १० अँपिअरच्या छिद्रातच राहिली आणि त्याच स्थितीत कोणी बॅटरीचा दाब मोजू गेले, तर प्रत्यक्ष शॉर्टसर्किट होते.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा साधी तार घालणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. ज्या गाड्या सिग्नलवर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतात, त्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर संवेदक बसविलेला असतो. अशा गाड्यांचा तपास अधिकृत सेवा केंद्रातच करून घ्यावा. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही दिवे, कुलपे आणि संगणक यांच्यासाठी बहुधा १२ व्होल्टची वेगळी लहान बॅटरी असते आणि तीही अशीच उतरू शकते. मात्र त्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या उच्चदाब तारांना कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

अडचणीच्या वेळी दुसऱ्या गाडीची मदत घेऊन जंप स्टार्ट करताना प्रथम दोन्ही बॅटऱ्यांची पॉझिटिव्ह टोके जोडावीत. मग दुसरी तार मदतीच्या गाडीच्या निगेटिव्ह टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूच्या भागाला जोडावी, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीपासून दूर पडते. धक्का मारून गाडी सुरू करण्याची जुनी युक्ती ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत चालत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

बदलीच्या गावी जाताना

राष्ट्रीय बँकेच्या अधिकाऱ्याला बदली चुकत नाही. स्वतः इंदूर वा चेन्नईला, आई-वडील पुण्याला आणि गाडी त्यांच्या दारात, असे चित्र अनेक घरांत दिसते. मोठ्यांना गाडी चालविता येत नाही. शेजारचा मुलगा आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून जातो आणि सर्वांना वाटते की बॅटरी भरली. पाच मिनिटांच्या संथ इंजिनाने फारसे काहीच भरून येत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवून आणावी. तेही शक्य नसेल तर दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह तार सोडवून ठेवावी. पान्याचा नंबर गाडीगणिक बदलू शकतो. घड्याळाची वेळ आणि रेडिओची केंद्रे पुन्हा लावावी लागतील आणि अलार्म बंद राहील, एवढीच त्याची किंमत. आवारात विजेची सोय असल्यास बॅटरी जपून भरत राहणारा स्वयंचलित चार्जर लावता येतो. बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडू देऊ नये, कारण तशा स्थितीत शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो आणि तिची क्षमता कायमची घटते. परस्पर वीज घेणाऱ्या उपकरणाचे खरे नुकसान हे आहे. ते एका रात्रीची वीज तर घेतेच, शिवाय बॅटरीचे आयुष्यही खाते.

आणि बॅटरी खरोखरच संपली असेल तर ती भंगारवाल्याकडे न देता विक्रेत्याकडे परत करावी. तिच्यातील शिसे आणि आम्ल माती व पाणी दूषित करतात. म्हणूनच आपल्या देशात २००१ मध्ये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याविषयी नियम करण्यात आले आणि २०२२ मध्ये त्यांची जागा अधिक व्यापक अशा बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली.

फरक शोधावा, झाकू नये

जुन्या शाखांमध्ये ताळा न जुळण्याच्या प्रसंगी एक सोपी पळवाट असे. फरकाची रक्कम ‘सस्पेन्स’ खात्यात टाकावी आणि घरी जावे. ताळेबंद वरवर जुळे, पण चूक तशीच राही आणि पुढे कधीतरी मोठी होऊन समोर येई. उतरलेल्या बॅटरीच्या जागी कारण न शोधता नवी बॅटरी बसविणे, ही त्याच जातीची पळवाट आहे. चार-पाच हजारांचा खर्च होतो, चार दिवस गाडी चालते, आणि डिकीच्या अंधारात दिवा जळतच राहतो.

आरंभी वर्णिलेल्या घरातील गाडीला अखेर नवी बॅटरी लागत नव्हती आणि पहिलीही कदाचित वाचली असती. लागत होता तो एक मीटर, तासाभराचा संयम आणि एकेक खतावणी तपासण्याची जुनी शिस्त. वाकलेले बटण सरळ करायला पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांनी पुढच्या एखाद्या पहाटे, घरात कोणी अस्वस्थ असताना, किल्ली फिरविताच गाडी सुरू होणार असते.